विद्युत-अलंकार : रचना आणि कसोटी

ज्या दागिन्यात, पट्ट्यात किंवा पदकात विद्युतघट, दिवे अथवा संवेदक बसवलेले असतात, त्यास विद्युत-अलंकार म्हणता येईल. मनगटावरची आरोग्यपट्टी, नाडी मोजणारी अंगठी, नृत्यात उजळणारा कंबरपट्टा ही त्याची उदाहरणे. टेबलावर उजळलेला दिवा अंगावरही टिकेलच असे नाही. शरीर वाकते, घामेजते आणि उष्णता देते. म्हणून या क्षेत्रात चाचणी हा रचनेचाच भाग ठरतो.

ही कल्पना जुनी आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या गुस्ताव त्रूवे याने टाचणीवरच्या चिमुकल्या आकृत्या विजेवर हलवून दाखवल्या. घट मात्र खिशात दडवावा लागे. अलीकडे लीया बीकली यांनी विकसित केलेले ‘लिलीपॅड’ हे शिवता येणारे नियंत्रक-पटल २००७ मध्ये विक्रीस आले. त्याच्या फुलासारख्या गोल कडेवरील छिद्रांतून वाहक धागा ओवता येतो. सोल्डरिंगऐवजी सुईने मंडल जोडण्याची सोय झाल्याने वस्त्रकलेचे विद्यार्थीही या कामाकडे वळले.

वाहक धागा चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचा किंवा स्टेनलेस स्टीलचा असतो. त्यावर सहसा आवरण नसते. कापडाची घडी पडून दोन धागे भिडले की शॉर्टसर्किट होते. धाग्याची लांबी वाढते तसा रोधही वाढतो, म्हणून दूरचा दिवा मंद दिसतो. ऊर्जेचा हिशेबही काटेकोर हवा. ‘सीआर २०३२’ हा ३ व्होल्टचा नाण्याएवढा घट सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांचा असतो. परंतु ही क्षमता अल्प प्रवाहासाठी सांगितलेली असते. प्रत्येकी १० मिलिअँपिअर घेणारे पाच दिवे लावल्यास घटाचा दाब लवकर कोसळतो.

नमुना तयार झाल्यावर प्रथम मल्टिमीटरने प्रत्येक टाक्याची सलगता तपासली जाते. मग तो पट्टा हजारो वेळा वाकवून रोध पुन्हा मोजतात. गोव्यासारख्या दमट, खाऱ्या हवेत जोडांवर गंज लवकर धरतो, त्यामुळे ओलाव्याची कसोटी विशेष महत्त्वाची. ‘आयपी ६७’ या दर्जासाठी वस्तू एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवतात. तथापि गोड्या पाण्यातील ही परीक्षा समुद्रस्नानाची हमी देत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न त्वचेचा. २०१४ मध्ये फिटबिट कंपनीने ‘फोर्स’ ही मनगटपट्टी बाजारातून परत मागवली. काही वापरकर्त्यांच्या त्वचेवर पुरळ व खाज उठली होती. पोलादातील निकेल किंवा चिकटद्रव्ये यांची ॲलर्जी हे त्याचे संभाव्य कारण सांगितले गेले. युरोपीय संघाच्या नियमानुसार त्वचेला दीर्घकाळ टेकणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये. हे तपासण्यासाठी मीठ, लॅक्टिक आम्ल आणि युरिया यांच्या कृत्रिम घामात वस्तू आठवडाभर ठेवतात. उष्णतेचेही असेच आहे : सुमारे ४४ अंश सेल्सिअसचा पृष्ठभाग काही तास टेकून राहिल्यास त्वचा भाजू शकते.

घटाची कप्पी हा जिवाचा प्रश्न आहे. बालकाने गिळलेला नाणेघट अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. अमेरिकेत २०२२ साली याविषयी स्वतंत्र कायदा झाला. त्यामुळे झाकण स्क्रूने बंद होणारे किंवा दोन वेगळ्या हालचालींनीच उघडणारे असावे, ही रचनेची पहिली अट मानावी. दागिना कितीही देखणा असला, तरी नखाने उघडणारी कप्पी असेल तर तो लहान मुलांच्या घरात आणू नये.