बिजाचं पाणी

साल 1900. गोंदियात रेल्वे पोचली आहे, जिल्हा मात्र भंडारा. नागझिऱ्याच्या रानाकाठी एका अंगणात तुम्ही बसला आहात. समोर काचेचा पेला, त्यात विहिरीचं पाणी आणि बिजाच्या लाकडाचे चार तुकडे. (पश्चिम महाराष्ट्रात याच झाडाला बिबला म्हणतात.) तुम्ही तुकडा काढायला जाता, तोच म्हातारी म्हणते, "नोको काढू बाबू, पानी रंगू दे."

घटकाभरानं पेला उन्हात धरता. आरपार पाहिलं तर पाणी पिवळसर. मागे काळी घोंगडी धरून बाजूनं पाहिलं, तर कडेला निळी झाक. पेला फिरवला की ती सरकते. नीळ तर कुणी घातलेली नाही!

मागे जा, 1565. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये वैद्य निकोलस मोनार्देस अशाच निळाईबद्दल लिहितो आहे. त्याचं लाकूड मेक्सिकोचं. कारण कळायला 1852 उजाडतं. शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स क्विनाइनच्या द्रावणाची नळी प्रकाशाच्या पट्ट्यातून सरकवतो. जांभळ्याच्याही पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथं नळी निळी उजळते. न दिसणारं ऊन गिळून दिसणारा उजेड परत द्यायचा, हेच बिजाच्या पाण्याचंही गुपित.

1871 मध्ये रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर प्रयोगशाळेत असाच उजळणारा रंग, फ्लोरेसीन, बनवतो. 1877 मध्ये जर्मनीत डॅन्यूबचं पाणी जमिनीत गडप होतं तिथं तोच रंग 10 किलो ओततात; सुमारे 60 तासांनी आख नदीच्या झऱ्याचं पाणी हिरवं चमकतं. गुप्त वाट सापडली.

आता आजच्या टीबी प्रयोगशाळेत या. या उजळण्याचा मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो उपयोग इथं आहे. बेडक्याची स्लाइड ऑरामाइन रंगानं रंगवतात, मग आम्लयुक्त अल्कोहोलनं धुतात. बाकी सगळ्याचा रंग निघून जातो, जंतू मात्र तो सोडत नाही. वरून पोटॅशियम परमँगनेट दिलं की पार्श्वभूमी काळी पडते. निळ्या एलईडीचा उजेड लावून डोळा भिंगाला टेकवा: काळोखात पिवळ्या-हिरव्या बारीक काड्या. एका नजरेत जास्त जागा तपासून होते, म्हणून जुन्या लाल रंगाच्या पद्धतीपेक्षा वेळही कमी लागतो. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या एलईडी सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली.

घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला द्या. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत.