गल्ल्यावरचं मोडकं इंग्रजी

कॉफी शॉपचं काचेचं दार ढकलताना आपल्याकडची कितीतरी मुलं एक इंग्रजी वाक्य मनातल्या मनात घोळवत असतात. खिशात पैसे असतात, कॉफीची इच्छाही असते; भीती असते ती तोंड उघडायची. मराठी आणि उर्दू शाळांतून शिकलेल्या अनेक तरुणांनी मला हे बोलून दाखवलं आहे. कुणी कामासाठी भेटायला बोलावलं, तरी ‘तिथं नको, बाहेरच भेटू’ असं म्हणून ही मुलं वेळ मारून नेतात. एक पेला कॉफी मागण्यात इतकं भिण्यासारखं काय आहे? उत्तरासाठी थोडं इतिहासात डोकवायला हवं.

आधी गल्ल्यामागची पाटी वाचू. एस्प्रेसो, कापुचिनो, लाते हे सारे शब्द इटालियन. लाते म्हणजे साधं दूध. कापुचिनोला नाव मिळालं ते तपकिरी झगा घालणाऱ्या कापुचिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंवरून. मोका हे तांबड्या समुद्रावरच्या यमनमधल्या मुखा बंदराचं नाव. आणि खुद्द कॉफी? मूळ शब्द अरबी, ‘कहवा’. यमनमधले सूफी पंधराव्या शतकात रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहावं म्हणून कहवा पीत. तुर्कांनी त्याचं ‘काहवे’ केलं आणि युरोपातल्या भाषांमधून फिरत तो इंग्रजीत पोचला. आमच्या घरात दखनी बोलतात; ‘कहवा’ माझ्या कानाला कधीच परका वाटला नाही. म्हणजे ज्या पाटीपुढं आपण इंग्रजी येत नाही म्हणून अवघडतो, तिच्यावरची निम्मी नावं इंग्रजांनीही बाहेरूनच आणलेली आहेत.

आता लंडनला जाऊ. त्या शहरातलं पहिलं कॉफीगृह १६५२च्या सुमारास कॉर्नहिल भागातल्या सेंट मायकेल्स अ‍ॅलीत निघालं. ते चालवणारा पास्क्वा रोझे इंग्रज नव्हता. तुर्की साम्राज्यातल्या स्मर्ना या बंदरातून डॅनिअल एडवर्ड्स नावाच्या व्यापाऱ्याबरोबर आलेला तो नोकर. पुढं १६७२मध्ये कॉफीची टर उडवणारं एक पद्यपत्रक लंडनमध्ये छापलं गेलं. त्यात कॉफीवाल्याच्या मोडक्या इंग्रजीची यथेच्छ नक्कल केलेली आहे. कॉफीच्या गल्ल्यावर चुकीच्या इंग्रजीला हसण्याची रीत इतकी जुनी आहे! फरक एवढाच, की तेव्हा अडखळणारा माणूस गल्ल्याच्या आतल्या बाजूला होता.

हसणारे हसत राहिले आणि कॉफीगृहं वाढत गेली. एक पेनी दिली की कॉफी मिळे, वर्तमानपत्र मिळे आणि गप्पाही ऐकायला मिळत. १६७४मध्ये कॉफीगृहाचे नियमच पद्यात छापले गेले. रिकामी जागा दिसेल तिथं बसावं, आपल्याहून प्रतिष्ठित माणूस आला म्हणून उठायची गरज नाही, असं त्यात सांगितलं होतं. अशा मोकळ्या बोलण्याची धास्ती घेऊन राजा दुसरा चार्ल्स यानं १६७५च्या डिसेंबरात कॉफीगृहांवर बंदीचा हुकूम काढला. पण एवढा ओरडा झाला, की काही दिवसांतच तो मागं घ्यावा लागला.

या इतिहासात आपला एक माणूसही आहे. १७५९मध्ये पाटण्यात जन्मलेला दीन महंमद. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत वाढलेला हा तरुण १७८४मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी गेला, तिथं इंग्रजी शिकला आणि दहा वर्षांत, १७९४ साली, त्यानं आपलं प्रवासवर्णन इंग्रजीत प्रसिद्ध केलं. भारतीयानं इंग्रजीत लिहिलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. १८१०मध्ये त्यानं लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढलं. तिथं हिंदुस्तानी जेवण मिळे आणि हुक्काही. धंदा चालला नाही. १८१२मध्ये त्याचं दिवाळं वाजलं. मग ब्रायटन गावी त्यानं वाफेच्या स्नानाचा आणि चंपीचा व्यवसाय उभा केला आणि राजा चौथा जॉर्ज याच्याकडून मान मिळवला. ‘चंपी’वरून आलेला ‘शाम्पू’ हा शब्द इंग्रजीत रुळला, त्यात त्याचाही वाटा आहे. इंग्रजी शिकायला गेलेला माणूस इंग्रजीला काही देऊनही गेला.

आता ते वाक्य. आपण म्हणतो, ‘एक कॉफी द्या.’ आदर ‘द्या’मध्ये आहे, ‘दे’ म्हटलं की सूर बदलतो. इंग्रजीतल्या ‘गिव्ह’ला दे आणि द्या असा भेद नाही. म्हणून आपला मुलगा मनात ‘द्या’ धरून ‘गिव्ह मी वन कॉफी’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ‘दे’ ऐकू येतं. इंग्रजी हा आदर प्रश्नात आणि ‘प्लीज’मध्ये ठेवते: ‘कॅन आय हॅव अ कॉफी, प्लीज?’ बस, एवढंच. कॉफीच्या जागी चहा घाला, सरबत घाला, वाक्य तेच. पलीकडून ‘स्मॉल ऑर लार्ज?’ असं विचारतील, म्हणजे लहान की मोठा पेला. ‘फॉर हिअर ऑर टेक-अवे?’ म्हणजे इथं बसून पिणार की घेऊन जाणार. ‘एनीथिंग एल्स?’ म्हणजे आणखी काही. एखादा शब्द कळला नाही, तर ‘सॉरी?’ म्हणून पुन्हा विचारावं. त्यात कमीपणा नाही.

आणि मराठीतच मागावंसं वाटलं, तर मराठीत मागा. गल्ल्यावरचा मुलगाही पुष्कळदा तुमच्यासारखाच, चार इंग्रजी वाक्यं पाठ करून कामाला लागलेला असतो. त्याला ‘थँक यू’ म्हणा, नाहीतर ‘बरं, बाळा’ म्हणा. पण दारातून परत फिरू नका. ही जागा उभी केली, तीच मुळी अडखळत इंग्रजी बोलणाऱ्यांनी.