बांचा हार

घरातल्या चीजवस्तू कमी कराव्यात, मोजक्या सामानात राहावे, हे तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल. अपरिग्रह हा शब्द आपल्याकडे फार जुना. जैन साधूंच्या पाच महाव्रतांत तो आहे, पतंजलीच्या यमांतही आहे. पण साधूचे एक बरे असते, त्याच्यामागे घर नसते. बायकोमुलांच्या माणसाने सामान टाकायचे म्हटले, तर ते सामान कोणाचे? हा प्रश्न १९०१ साली एका घरात उभा राहिला, आणि त्याची हकिगत घरधन्यानेच आपल्या आत्मकथेत लिहून ठेवली आहे.

घर होते दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला. मोहनदास गांधी तेव्हा ३२ वर्षांचे वकील होते आणि बायकोमुलांसह हिंदुस्थानात परत निघाले होते. नाताळमधल्या हिंदी लोकांनी निरोपाचे समारंभ केले आणि भेटींचा नुसता पाऊस पाडला. सोन्याची घड्याळे, साखळ्या, हिऱ्यांच्या अंगठ्या, आणि कस्तुरबांसाठी ५० गिनींचा सोन्याचा हार. त्या रात्री गांधींना झोप आली नाही. खोलीत येरझाऱ्या घालीत ते विचार करीत राहिले. सेवेचा मोबदला घ्यायचा नाही असे आपण म्हणतो. लोकांना दागिन्यांचा मोह सोडा म्हणून सांगतो. मग हे घरात कसे ठेवायचे? अखेर त्यांनी मसुदा लिहिला. सारे दागिने समाजाच्या कामासाठी विश्वस्तांच्या हाती द्यायचे. विश्वस्त म्हणून पारशी रुस्तमजी आणि आणखी काही जण.

सकाळी त्यांनी आधी मुलांना विचारले. हरिलाल १३ वर्षांचा, मणिलाल ८ वर्षांचा. मुले लगेच कबूल झाली. आता आईची समजूत तुम्हीच घाला, असे गांधींनी त्यांना सुचवले. वकिलाची युक्ती ती! पण ती फळली नाही.

बांचे म्हणणे काय होते ते नीट ऐका. तुम्हाला नको असेल, मुलेही तुम्ही सांगाल तसे नाचतील. मला घालू देत नाही, तेही समजते. पण उद्या सुना येतील, त्यांचे काय? उद्याचे कोणी पाहिले आहे? गांधी म्हणाले, दागिन्यांची हौस असलेल्या मुली आपण सुना म्हणून आणणारच नाही, आणि लागलेच तर मी आहे. त्यावर बांनी ऐकवले की तुम्हाला मी ओळखून आहे. माझे दागिने काढून घेतले ते तुम्हीच. मग त्यांनी मुद्द्यालाच हात घातला. माझ्या हारावर तुमचा हक्क कसला? गांधींनी विचारले, हार तुझ्या सेवेसाठी मिळाला की माझ्या? बा म्हणाल्या, तुमची सेवा ती माझीही झाली. रात्रंदिवस मी राबले, नाही नाही त्या माणसांना तुम्ही घरात आणलेत, त्यांचे करता करता मी रडले, ती सेवा नव्हे काय?

हे बोल आपल्याला लागले, असे गांधी स्वतः लिहितात. बांची संमती आपण कशीबशी काढून घेतली, हेही ते लपवीत नाहीत. १८९६ आणि १९०१ या दोन्ही वेळच्या भेटी परत गेल्या, विश्वस्तपत्र झाले, ऐवज बँकेत ठेवला. पुढे बांनाही ते पटले, असे त्यांनी नोंदवले आहे. 

शिक्षकमित्रहो, वर्गात आपण या प्रसंगातला त्याग रंगवून सांगतो आणि बांचा युक्तिवाद दोन वाक्यांत उरकतो. मला वाटते, तो पुरा सांगावा. त्यागाची महती त्याने उणी होत नाही. उलट, तो किती अवघड होता आणि त्याचा भार कोणी वाहिला, हे मुलांना कळते. घर थोडक्यात चालवायचे म्हणजे दळणे, घासणे, आल्यागेल्याचे करणे बहुधा घरच्या बाईच्या वाट्याला येते.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला कधी गेलात, तर तिथेही हे दिसेल. १९३६ साली गांधी तिथे राहायला गेले, तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. बापूकुटीची मातीची भिंत, बसायची चटई, जवळचे थोडके सामान पाहून लोक हरखून जातात. त्याआधीचे पहिले घर म्हणजे आदिनिवास. तिथे बा, बापू आणि आश्रमातली इतर मंडळी, सगळी एकाच छपराखाली राहत. बायकांना आडोसा नव्हता. जमनालाल बजाजांच्या ते ध्यानात आले आणि त्यांनी बांसाठी एक लहानशी वेगळी कुटी बांधून घेतली. बापूकुटीच्या जवळच ती आहे, बाकुटी नावाची. तीही बघून या.