राजाची पत्नी राणी. मग राणीचा पती राजा का नाही?

१/१७
१८३७ या एकाच वर्षात तीन घटना घडल्या. जूनमध्ये लंडन येथे अठरा वर्षांची व्हिक्टोरिया गादीवर आली. सप्टेंबरमध्ये लिस्बन येथे पोर्तुगालच्या राणीला पुत्र झाला आणि त्या जन्माबरोबर तिच्या पतीला 'राजा' हा किताब मिळाला. त्याच वर्षी भोपाळमध्ये गादीच्या वारस कन्येला बाजूला सारून तिच्या नवऱ्याला नवाब म्हणून मान्यता मिळाली. तिन्ही दरबारांपुढे प्रश्न एकच होता : सत्ता स्त्रीची असेल, तर तिच्या पतीचे स्थान कोणते? त्या प्रश्नाच्या उत्तरांचा हा इतिहास.

२/१७
पेच समजण्यासाठी आधी शब्दांकडे पाहावे लागते. 'राजा' म्हणजे राज्य करणारा. 'राणी' या शब्दाचे मात्र दोन अर्थ : स्वतः राज्य करणारी स्त्री आणि राज्य करणाऱ्याची पत्नी. त्यामुळे राजाच्या शेजारी राणी बसली, तरी सत्ता कोणाची याबद्दल संभ्रम होत नाही. राणीच्या शेजारी 'राजा' बसला, की लोक त्यालाच धनी समजू लागतात. त्यात इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता पतीच्या ताब्यात जात असे. मग राज्याचेही तसेच होणार काय?

३/१७
ही शंका इंग्लंडमध्ये १५५३ साली प्रत्यक्ष उभी राहिली. स्वतःच्या हक्काने राज्याभिषेक झालेली पहिली इंग्लिश राणी, मेरी ट्यूडर, हिने स्पेनचा युवराज फिलिप याच्याशी विवाह ठरवला. परक्या राज्याचा वारस आपल्या राणीचा पती होणार, या कल्पनेनेच देश अस्वस्थ झाला. १५५४ च्या आरंभी सर थॉमस वायट बंडखोरांची फौज घेऊन लंडनच्या वेशीपर्यंत आला. बंड मोडले; पण राणीच्या सल्लागारांना लोकांच्या मनातील भीती किती खोल आहे, ते कळून चुकले.

४/१७
उपाय कागदावर शोधला गेला. विवाहकरार झाला आणि एप्रिल १५५४ मध्ये पार्लमेंटने त्याला कायद्याचे रूप दिले. फिलिपला 'इंग्लंडचा राजा' म्हणावे. पण विवाह टिकेल तोवरच. त्याने परकीयांना राज्यात पदे देऊ नयेत. राणीला तिच्या इच्छेविरुद्ध देशाबाहेर नेऊ नये. इंग्लंडला स्पेन-फ्रान्स युद्धात ओढू नये. राणी निपुत्रिक वारली, तर त्याचा कोणताही हक्क उरू नये. त्याच पार्लमेंटने आणखी एक कायदा केला : पूर्वीच्या राजांना जितके अधिकार होते, तितकेच सर्व राणीला आहेत.

५/१७
२५ जुलै १५५४ रोजी विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये विवाह झाला. वर राणीच्या तोलाचा दिसावा म्हणून त्याचा पिता सम्राट पाचवा चार्ल्स याने त्याला नेपल्सचे राज्य आधीच बहाल केले होते. करार इतका काटेकोर. तरी दोघांची नावे लिहिताना 'फिलिप आणि मेरी' असाच क्रम राहिला. नाण्यांवर दोघांचे चेहरे समोरासमोर आले आणि वर मुकुट एकच होता. १५५७ मध्ये इंग्लंड फ्रान्सविरुद्धच्या युद्धात उतरलेच आणि जानेवारी १५५८ मध्ये फ्रान्सच्या भूमीवरील शेवटचे ठाणे, कॅले, गमावून बसले.

६/१७
१७ नोव्हेंबर १५५८ रोजी मेरी वारली आणि त्याच क्षणी फिलिपचे इंग्लंडचे राजेपद संपले. कायद्याने आपले काम चोख केले. फिलिपने पुढे मेरीची सावत्र बहीण एलिझाबेथ हिलाही मागणी घातली. तिने ती स्वीकारली नाही. एलिझाबेथने चव्वेचाळीस वर्षे राज्य केले आणि शेवटपर्यंत विवाह केला नाही. तिच्या अविवाहित राहण्याची कारणे अनेक सांगितली जातात. पण थोरल्या बहिणीचा अनुभव तिने अगदी जवळून पाहिला होता, हे विसरता येत नाही.

७/१७
दुसरा धडा शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मिळाला. तेथील राणी मेरी स्टुअर्ट हिने १५६५ मध्ये लॉर्ड डार्नली याच्याशी विवाह केला आणि स्वतःच्या आज्ञेने त्याला 'राजा' घोषित केले. डार्नलीला तेवढे पुरेना. पत्नीबरोबर समान सत्ता आणि तिच्या मृत्यूनंतरही राज्य, असा अधिकार त्याला हवा होता. तो त्याला कधीच मिळाला नाही. फेब्रुवारी १५६७ मध्ये तो राहत असलेले घर सुरुंगाच्या दारूने उडवण्यात आले आणि त्याचे प्रेत बागेत सापडले. त्याच वर्षी मेरीलाही राज्य सोडावे लागले.

८/१७
१६८९ मध्ये इंग्लंडमध्ये चित्र पालटले. दुसऱ्या जेम्सने पळ काढल्यावर त्याची थोरली कन्या मेरी हिचा हक्क पुढे आला. तिचा पती विल्यम ऑफ ऑरेंज मात्र सैन्य घेऊन देशात उतरला होता. पत्नीच्या पदराला बांधून राहणे आपल्याला मान्य नाही, असे त्याने उमरावांना स्पष्ट सांगितले. मेरीलाही एकटीने राज्य करायचे नव्हते. शेवटी दोघे संयुक्त राज्यकर्ते झाले. पण कारभाराचा अधिकार एकट्या विल्यमकडे राहिला. १६९४ मध्ये मेरी वारली, तरी तो १७०२ पर्यंत राजा राहिला. फिलिपला जे नाकारले गेले, ते तलवारीच्या बळावर आलेल्या विल्यमला मिळाले.

९/१७
विल्यमनंतर मेरीची धाकटी बहीण अ‍ॅन गादीवर आली. तिचा पती डेन्मार्कचा राजपुत्र जॉर्ज. त्याला राजा केले नाही आणि त्यानेही तसा हट्ट धरला नाही. नौदलाचे प्रमुखपद त्याला मिळाले. पण राज्याभिषेक एकट्या अ‍ॅनचा झाला. सतरा वेळा गरोदर राहूनही या दांपत्याचे एकही अपत्य मोठे झाले नाही. १७०८ मध्ये जॉर्ज वारला. इंग्लंडला मात्र यातून एक सोयीचा पायंडा मिळाला : राणीचा पती राजपुत्रच राहू शकतो आणि तरी राज्य सुरळीत चालते.

१०/१७
आता १८३७ च्या लिस्बनकडे. पोर्तुगालमध्ये जुना दंडक होता : राणीच्या पतीला 'राजा' म्हणायचे ते अपत्य झाल्यावरच. राणी दुसरी मारिया हिचा पहिला पती ऑगस्त विवाहानंतर दोन महिन्यांतच वारला. तो कधी राजा झाला नाही. दुसरा पती फर्डिनांड. १६ सप्टेंबर १८३७ रोजी पेद्रो जन्मला आणि फर्डिनांड 'राजा दुसरा फर्डिनांड' झाला. येथे राजेपद म्हणजे वारस दिल्याचा मान होता, सत्ता राणीचीच. १८५३ मध्ये मारिया बाळंतपणात वारली, तेव्हा अल्पवयीन पुत्राच्या नावाने दोन वर्षे कारभार पाहण्याची वेळ फर्डिनांडवर आली.

११/१७
या फर्डिनांडचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे अल्बर्ट. एकाच कोबर्ग घराण्यातील दोन तरुण. एक लिस्बनला गेला, दुसरा लंडनला. राज्यकर्त्या राणीला कोणी मागणी घालू शकत नसल्याने १५ ऑक्टोबर १८३९ रोजी विवाहाचा प्रस्ताव व्हिक्टोरियानेच मांडला. त्यानंतर पार्लमेंट पुढे सरसावले. सरकारने अल्बर्टसाठी वर्षाला ५०,००० पौंडांची नेमणूक सुचवली होती. कॉमन्सने ती ३०,००० वर आणली. मानक्रमात त्याला राणीलगतचे स्थान देण्याचे कलमही विरोधामुळे मागे घ्यावे लागले. चुलतभाऊ राजा, अल्बर्टला साधे उमरावपदही नाही.

१२/१७
पार्लमेंटने नाकारलेला मानक्रम व्हिक्टोरियाने मार्च १८४० मध्ये स्वतःच्या शाही सनदेने दिला. पण ती सनद ब्रिटनबाहेर कोणाला बंधनकारक नव्हती. १८४५ च्या प्रशिया भेटीत ऑस्ट्रियाच्या एका आर्चड्यूकला अल्बर्टपुढचा मान दिला गेला आणि व्हिक्टोरिया संतापली. घरातही स्थिती वेगळी नव्हती. आपण केवळ पती आहोत, घराचे धनी नाही, अशी व्यथा अल्बर्टने लग्नानंतर काही महिन्यांतच एका मित्राला पत्रातून कळवली होती.

१३/१७
पद नसले, तरी काम वाढत गेले. राणीच्या मेजाशेजारी अल्बर्टचे मेज आले; तो तिचा खासगी सचिव आणि सल्लागार झाला. १८५१ चे लंडनचे भव्य प्रदर्शन त्याच्या पुढाकाराने उभे राहिले. १८५६ मध्ये व्हिक्टोरियाने एका टिपणात या विसंगतीवर बोट ठेवले : राजाच्या पत्नीला कायद्याने सर्वोच्च मान दिला आहे, राणीच्या पतीचा मात्र कायद्याला पत्ताच नाही. उद्या मुलगा वयात आला, की तो बापाच्या पुढे चालणार, हीही तिची चिंता होती. अखेर २५ जून १८५७ रोजी तिने सनदेने त्याला 'प्रिन्स कॉन्सॉर्ट' केले. लग्नाला तोवर सतरा वर्षे झाली होती. आणखी साडेचार वर्षांनी अल्बर्ट वारला.

१४/१७
नवऱ्याचे पद रोखून धरण्यात इंग्लंडने एवढी सावधगिरी का बाळगली, याचे उत्तर त्याच काळातील भोपाळ देते. तेथे गादीची वारस सिकंदर बेगम. पण १८३७ मध्ये तिचा पती जहांगीर मोहम्मद खान नवाब झाला आणि सत्ता त्याच्याकडे गेली. १८४४ मध्ये तो वारला. तेव्हाही गादी तिच्या लहानग्या मुलीच्या, शाहजहान बेगमच्या, नावे झाली. सिकंदर बेगमने मुलीच्या वतीने कारभार केला आणि १८६० मध्ये ब्रिटिशांनी तिला स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती मानले. पुढे शाहजहान बेगमने १८७१ मध्ये सिद्दिक हसन खान या विद्वानाशी विवाह केला. त्याला मिळालेले किताब ब्रिटिशांनी १८८५ मध्ये काढून घेतले. पतीचा किताब देणे आणि हिरावणे, दोन्ही आता परक्या सत्तेच्या हाती होते.

१५/१७
विसाव्या शतकातही प्रश्न मिटला नाही. १९४७ मध्ये ग्रीस व डेन्मार्कचे किताब सोडून फिलिप माउंटबॅटनने एलिझाबेथशी विवाह केला. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी ती राणी झाली आणि त्याची नौदलातील कारकीर्द थांबली. दोन महिन्यांत जाहीर झाले, की राजघराण्याचे नाव 'विंडसर'च राहील. मुलांना आपले आडनावही देता येत नाही, हे त्याला फार लागले. २ जून १९५३ रोजी राज्याभिषेकात त्याने पत्नीपुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतली. १९५७ मध्ये तो युनायटेड किंग्डमचा 'प्रिन्स' झाला. २०२१ मध्ये तो वारला. राणीचा पती म्हणून त्याने ६९ वर्षे काढली. त्या काळात 'राजा' हे पद चर्चेतही आले नाही. २०२२ मध्ये तिसरा चार्ल्स गादीवर येताच त्याची पत्नी कॅमिला मात्र 'राणी' झाली.

१६/१७
ही विषमता सर्वांत उघडपणे बोलून दाखवली ती डेन्मार्कच्या हेन्रिकने. फ्रेंच मुत्सद्दी असलेल्या या गृहस्थाने १९६७ मध्ये मार्ग्रेथेशी विवाह केला. १९७२ मध्ये ती राणी झाली आणि तो 'प्रिन्स' राहिला. राजाची पत्नी राणी होते, मग आपल्याला समान पद का नाही, हा त्याचा प्रश्न होता. २०१७ मध्ये त्याने जाहीर केले, की रोस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये राणीशेजारी आपल्याला दफन करू नये. २०१८ मध्ये तो वारला. निम्म्या अस्थी समुद्रात आणि निम्म्या फ्रेडेन्सबोर्ग राजवाड्याच्या बागेत विसर्जित झाल्या. १४ जानेवारी २०२४ रोजी त्याचा मुलगा राजा झाला आणि सून मेरी त्याच दिवशी राणी झाली.

१७/१७
हेन्रिकची तक्रार चुकीची म्हणता येत नाही आणि १५५४ च्या पार्लमेंटची भीतीही. 'राजा' हा शब्द 'राणी'पेक्षा वरचा, ही समजूत समाजात होती. म्हणून स्त्रीची सत्ता राखायची, तर पतीचा शब्द खाली आणावा लागला. समजुतीला हात न लावता किताबाला कात्री लावली गेली आणि तिची किंमत कधी राणीने, कधी तिच्या पतीने मोजली. आज स्वीडन, नेदरलँड्स, बेल्जियम आणि नॉर्वे येथे थोरले अपत्य, मुलगी असो वा मुलगा, गादीचे वारस ठरते. चारही देशांत पुढेमागे राणी येऊ घातली आहे. स्वीडनच्या युवराज्ञीचा पती डॅनियल आजही 'प्रिन्स'च आहे. प्रश्न अजून जिथल्या तिथे आहे.

(समाप्त)