अंत्याक्षरांचे कोशकार

ओवी-अभंगांच्या नादावर वाढलेल्या मराठी वाचकास हे प्रथम खरे वाटत नाही, परंतु नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकले त्यापूर्वीचे तेथील काव्य बहुतांशी यमकावाचून चाललेले असून आद्यवर्णांच्या अनुप्रासावर उभे होते. चरणाच्या शेवटी ध्वनी जुळविण्याची रीत लॅटिन स्तोत्रे व फ्रेंच काव्य यांच्या सहवासाने तेथे रुजली, आणि चौदाव्या शतकात चॉसरच्या हाती ती प्रौढ झाली. रीत रुजली तशी शब्दांची निकडही भासू लागली, आणि ती भागविण्यासाठी जे कोशकार पुढे आले त्यांस विद्वानांच्या दरबारात मानाचे पान कधी मिळाले नाही. मला हा अन्याय वाटतो.

यांतील पहिला उल्लेखनीय ग्रंथ पीटर लेव्हिन्स या यॉर्कशरच्या गृहस्थाने १५७० साली लंडनमध्ये छापविला. 'मॅनिप्युलस व्होकॅब्युलोरम', म्हणजे शब्दांची मूठ, असे त्याचे लॅटिन नाव असून त्यात इंग्रजी शब्द शेवटच्या अवयवाच्या क्रमाने लावून प्रत्येकासमोर त्याचा लॅटिन प्रतिशब्द दिलेला आहे. त्यामुळे लॅटिन रचणारा विद्यार्थी आणि इंग्रजी पद्य जुळविणारा कवी या दोघांचीही सोय एकाच पानावर झाली. ही मांडणी आपल्या परंपरेस अपरिचित नाही. संस्कृतातील 'विश्वप्रकाश' व 'मेदिनी' हे कोश शब्दांच्या अंत्य व्यंजनानुसार कान्त, खान्त असे वर्ग पाडतात, आणि जौहरीचा अरबी कोशही धातूच्या अखेरच्या अक्षरावरून रचलेला आहे. लेव्हिन्सचे पुस्तक निघाले तेव्हा शेक्सपिअर सहा वर्षांचा होता, आणि शब्दांवरील आघातांच्या खुणाही लेव्हिन्सने केलेल्या असल्यामुळे त्या पिढीच्या उच्चारांचा तो एक अस्सल दाखला ठरला.

कोश हाती नसेल त्याने काय करावे, याची तजवीज जॉर्ज गॅस्कॉइन या कवीने १५७५ साली सांगून ठेविली. पहिली ओळ लिहून झाली की तिचा अंत्य शब्द घ्यावा, समजा तो 'केअर' आहे, आणि वर्णमालेच्या क्रमाने 'बेअर', 'डेअर', 'फेअर', 'हेअर' असे समध्वनी शब्द मनाशी मोजीत जावे, व त्यांतून अर्थास जो सर्वांत मानवेल तो निवडावा. लिहिता हात आणि पुटपुटते ओठ यांचे इतके जवळचे दर्शन त्या काळच्या काव्यशास्त्रात क्वचितच घडते.

या व्यवहारास विरोधही झाला. टॉमस कॅम्पियनने १६०२ साली यमकावर हल्ला चढविला आणि सॅम्युअल डॅनिएलने त्यास लागलीच उत्तर दिले. पुढे मिल्टनने १६६८ साली 'पॅरॅडाइज लॉस्ट'ला जोडलेल्या टिपणात यमक हे रानटी काळाचे लेणे ठरवून त्याची बोळवण केली. तरीही जोशुआ पूल या शाळामास्तराचा 'इंग्लिश पर्नासस' १६५७ साली व एडवर्ड बिशचा 'आर्ट ऑफ इंग्लिश पोएट्री' १७०२ साली बाहेर पडला, आणि दोहोंत यमकांच्या याद्या होत्या.

सर्वांत मोठा मान मात्र जॉन वॉकरचा. हा १७३२ साली जन्मलेला मनुष्य प्रथम नट होता. गॅरिकच्या मंडळीत ड्रुरी लेनच्या रंगभूमीवर त्याने कामे केली, १७६८ साली रंगभूमी सोडली आणि वक्तृत्व व शुद्धोच्चार शिकविण्याचा पेशा पत्करला. १७७५ साली निघालेल्या त्याच्या कोशात शब्द, त्यांचे अर्थ व उच्चार असून क्रम मात्र उलटा, म्हणजे शेवटच्या अक्षरापासून मागे जाणारा आहे. येथे इंग्रजी लेखनपद्धतीची सारी अडचण उघडी पडते. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांनी संपणारे 'कफ', 'रफ', 'दो', 'थ्रू' आणि 'बाउ' हे शब्द त्या क्रमाने शेजारी येऊन बसतात, आणि डोळ्यांस एका कुळीचे दिसणारे हे पाच जण कानास परस्परांशी काहीएक नाते सांगत नाहीत. उलट ज्यांचे खरे यमक जुळते ते दूर दूरच्या पानांवर विखुरतात. वॉकरला याची पुरती जाणीव असल्यामुळे त्याने ग्रंथाच्या अखेरीस ध्वनीवरून केलेली निराळी सूची जोडली, आणि तीत पूर्ण यमके व चालण्याजोगी यमके असा भेद करून दुसऱ्या प्रकारास मान्य कवींच्या वापराचे आधार दिले. रंगभूमीवर कान तयार झालेल्या माणसासच ही दृष्टी असावी. बायरनने १८१८ सालच्या 'बेप्पो'त या कोशाचा मोकळेपणाने उल्लेख केला आहे, आणि १९२४ साली लॉरेन्स डॉसनने त्याची सुधारून नवी आवृत्ती काढली.

भाषेचा उच्चार वाहत जातो, लेखन मात्र गोठून राहते. आणि या दोहोंतील अंतराची रुजुवात घालण्यास यमकाइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. पोपने 'रेप ऑफ द लॉक'मध्ये चहावाचक 'टी' हा शब्द 'ओबे' या शब्दाशी जुळविला, कारण त्या काळी त्याचा उच्चार 'टे' असा होता. 'जॉइन' हा 'लाइन'शी जुळविला, तोही त्याच कारणाने. इंग्रजी लेखनावरून शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांस ही यमके सदोष वाटतात, व काही टीपाकार तसे लिहूनही ठेवतात. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, असा निकाल देण्यापूर्वी वॉकरची ती सूची एकदा उघडून पाहावी.