घरच्या घरी मोटारसायकल लिफ्ट कशी बनवतात?

चेन बदलायची असो वा इंजिनचे ऑइल, मोटारसायकलचे बरेचसे काम जमिनीलगत असते आणि ते उकिडवे बसून करावे लागते. तासाभरात गुडघे आणि कंबर बोलू लागतात. म्हणून गाडी कमरेएवढ्या उंचीवर उचलणारी लिफ्ट काही हौशी दुरुस्तीवाले स्वतः वेल्डिंग करून किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानातून बनवून घेतात.

नेहमीची रचना समांतर भुजांची असते. खाली लोखंडी चौकट, वर गाडी उभी करायचा पाट आणि दोन्हींना जोडणाऱ्या सारख्या लांबीच्या चार भुजा. भुजा दोन्ही टोकांना पिनवर फिरतात, त्यामुळे पाट वर जाताना सपाटच राहतो. पाट साधारण ७ फूट लांब आणि २ फूट रुंद पुरतो. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० च्या दोन चाकांमधले अंतरही १,३९० मिलिमीटरच आहे. मागचे चाक काढता यावे म्हणून पाटाच्या त्या भागात उघडता येणारी झडप ठेवतात. ही झडप विसरली, तर पुढे रोज चरफडावे लागते.

खरी गफलत जॅक निवडताना होते. गाडी सुमारे २०० किलो आणि पाट ५० किलो, मग २५० किलो उचलणारा जॅक पुरेल असे वाटते. पण भुजा जवळजवळ आडव्या असताना पाट वर जास्त आणि पुढे कमी सरकतो. जॅक पाटाला आडवा ढकलत असेल, तर भुजांचा कोन १२ अंश असताना जवळपास १,१८० किलोचा जोर लागतो. ४५ अंशांवर तो २५० किलोवर येतो आणि ७० अंशांवर ९० किलोच्या आसपास. म्हणून भुजा पूर्ण आडव्या होऊ न देणारा अडथळा खाली लावतात आणि उरलेली उंची उताराच्या फळीने भागवतात. भुजा ८० सेंटिमीटरच्या असतील तर पाट वर जाताना सुमारे अर्धा मीटर पुढेही जातो. तेवढी जागा भिंतीपासून सोडावी लागते.

बॉटल जॅक आडवा बसवण्याआधी तो तसा चालतो का, हे तपासावे. अनेक जॅक आडवे केले की पंपाला तेलच मिळत नाही.

जॅकचे काम उचलण्याचे, धरून ठेवण्याचे नाही. आतले सील झिजले की पाट हळूहळू खाली बसतो. सील फुटले तर एकदम येतो. त्यामुळे गाडी वर गेली की चौकट आणि भुजा यांच्या भोकांतून जाड पोलादी पिन घालतात आणि सगळा भार तिच्यावर सोडतात. पिन घातल्याशिवाय गाडीला पानाही लावू नये.

दुसरा धोका गाडी आडवी होण्याचा. साइड स्टँडवर भरवसा ठेवता येत नाही. पुढचे चाक पकडणारा चिमटा पाटाला पक्का बोल्ट करतात आणि हँडलच्या खालून दोन्ही बाजूंना रॅचेटचे पट्टे ताणतात. पुढचे शॉकअप थोडे दबेल इतकाच ताण द्यावा. चौकट रुंद हवी आणि फरशी सपाट.

लिफ्टवर पहिल्यांदा गाडी चढवू नये. सिमेंटच्या ५० किलोच्या सहा गोण्या पाटावर रचून ती पूर्ण वर न्यावी, पिन घालून रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी गोण्या उतरवून प्रत्येक सांधा टॉर्चने पाहावा. वेल्डिंगला केसाएवढी चीर दिसली तरी तो सांधा घासून पुन्हा भरावा आणि गोण्या परत चढवाव्यात.