लूना ते ई-लूना : मधली बावन्न वर्षे

१९७२ साली पुण्याच्या दुचाकी उद्योगात दोन गोष्टी घडल्या. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार आदल्या वर्षी संपला होता, म्हणून बजाजने स्वतःच्या नावाची 'चेतक' स्कूटर काढली. त्याच वर्षी कायनेटिक कंपनीची, पन्नास सीसी इंजिनाची आणि पायडल असलेली 'लूना' आली. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. लूनेला तेवढा मान नव्हता. पण ज्याच्या खिशाला स्कूटर झेपत नव्हती त्याच्या दारात ती उभी राहिली. पुढे दोन्ही गाड्या बंद पडल्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही परत आल्या. जानेवारी २०२० मध्ये चेतक आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लूना. या खेपेस विजेवर.

मग १९७२ मध्येच त्या विजेवर का नव्हत्या? विजेची मोटर काही नवी नाही. गुस्ताव्ह त्रुव्हे याने १८८१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखवली होती. म्हणजे पेट्रोलच्या गाडीच्याही आधी. अडचण मोटरची नव्हती, वीज साठवण्याची होती. त्रुव्हेपाशी होते ते प्लांतेने १८५९ मध्ये शोधलेले शिशाचे घट, आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे स्कूटरला परवडेल असे दुसरे काही आपल्यापाशीही नव्हते.

हा हिशोब वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे. किलोवॉट-तास म्हणजे आपल्या लाइटबिलातले एक युनिट. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलो, आणि त्यात सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातला पाचवा-चौथा हिस्साच चाकापर्यंत पोचवते, बाकीची उष्णता होऊन जाते. तरी तेवढ्यावर गाडी पन्नासेक किलोमीटर जाते. ई-लूनेची बॅटरी दोन युनिटांची आहे. शिशाच्या बॅटरीत किलोमागे पस्तीसेक वॉट-तास मावतात, म्हणजे दोन युनिटांसाठी सत्तावन्न किलो वजन वाहावे लागेल. लूनेवर एक माणूस डबलसीट कायमचा बसवल्यासारखेच! २००० नंतरच्या दशकात शिशाच्या बॅटरीवरच्या स्कूटर आपल्याकडे विकल्या गेल्या. त्यांची वीज लवकर संपे आणि दीड-दोन वर्षांत बॅटरीच बदलावी लागे. लोकांनी विजेच्या गाडीला नावे ठेवली, पण दोष शिशाचा होता.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, ती कॅमेऱ्यांसारख्या लहान उपकरणांसाठी. फोन आणि संगणकांमुळे तिचा खप वाढत गेला तशी किंमत उतरली, आणि मग ती स्कूटरच्या आवाक्यात आली. किलोमागे दीडशे वॉट-तास धरले तर तीच दोन युनिटे तेरा किलोंत मावतात. बावन्न वर्षांचे उत्तर या दोन आकड्यांत आहे : सत्तावन्न आणि तेरा.

तेल्हारा-अकोटकडची मुले शिकायला पुण्याला जातात आणि तिथे फिरायला कोणती विजेची गाडी घ्यावी, असे घरी विचारतात. गाडीच्या किमतीत मोठा वाटा बॅटरीचा असतो, तेव्हा रंग आणि पडदा पाहण्याआधी बॅटरी पाहावी. २०२० ची चेतक सुमारे तीन युनिटांत ९५ किलोमीटर जाते असे कंपनी सांगे. म्हणजे किलोमीटरला बत्तीस वॉट-तास. ई-लूनेचा दावा दोन युनिटांत ११० किलोमीटरचा, म्हणजे अठराच. ती हलकी आहे आणि ताशी पन्नासच्या वर जात नाही, हे खरे. पण दोन्ही आकडे ठरावीक चाचणीतले आहेत. सिग्नल, चढ आणि मागे बसलेला मित्र चाचणीत नसतो. आम्ही तरी चौथा हिस्सा वजा करूनच हिशोब धरू.

दुसरी गोष्ट उन्हाची. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला एका विजेच्या स्कूटरने उभ्या जागी पेट घेतला. देशात इतरत्रही अशा घटना झाल्या, आणि बॅटरीच्या चाचण्यांचे कडक केलेले नियम त्या वर्षीच्या डिसेंबरपासून लागू होऊ लागले. आग विरळाच, बॅटरीचे म्हातारपण मात्र अटळ आहे आणि उष्णतेने ते लवकर येते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हे अकरावी-बारावीच्या मुलांना ठाऊक असते. शिक्षण संपल्यावर तीच गाडी वऱ्हाडात येणार असेल, तर मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो तिथे ती पत्र्याच्या शेडखाली उभी राहील. म्हणून बॅटरीचे रसायन विचारावे. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी हलकी असते. लोह-फॉस्फेटची थोडी जड, पण उष्णता अधिक सोसते आणि अधिक वेळा चार्ज होते. हा लोह-फॉस्फेटचा शोध गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्या निबंधावर पहिले नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचे आहे.

आणखी एक. मोटर अडीचशे वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी पंचवीसपेक्षा कमी असेल तर गाडीला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. दुकानदार हे आवर्जून सांगतो. पण पुण्यात बसच्या मागून पंचविसाने जाणे कितपत सुखाचे, हे घेणाऱ्याने ठरवावे. शिवाय भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर असेल आणि खाली प्लग नसेल, तर बॅटरी काढून वर नेता येते का, हे आधी विचारावे. येते म्हणाले, तर ते तेरा किलो एकदा दुकानातच उचलून पाहावेत.